उजव्या हाताचं बटण

पाटीवर मी लिहिलं, 'उघडून बघावं लागेल', आणि पाटी काउंटरवर आप्पांच्या बाजूला फिरवली.

आप्पांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, वाचलं आणि हसले.

"चतुर्दशीला तुमच्याकडं आलेलं बरं असतंय अक्का. माणूस आपलं दुखणं सांगतंय आणि उलटी बोलणी खात न्हाई."

तो शुक्रवार होता. दर चतुर्दशीला सूर्योदयापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत माझं मौन असायचं. उपवासही असायचा, पण दुकान मी बंद ठेवत नव्हते. शटरला एक पुठ्ठा अडकवून द्यायची: 'आज मौन आहे. काम चालू आहे.' जयसिंगपुरात आमच्या गल्लीला त्याची सवय झाली होती. टीव्हीचा रिमोट पुढं ठेवायचा, कोणतं बटण चालत नाही त्यावर बोट ठेवायचं आणि जायचं. त्यात बोलण्यासारखं होतंच काय?

दुकान माझ्या यजमानांचं. शांतिनाथ मगदूम म्हणजे रेडिओ-टेपचा डॉक्टर, असं लोक म्हणायचे. ते गेल्यावर मी रिमोटपुरतं काम चालू ठेवलं. रिमोटात फार काही नसतं. वर बटणं, खाली रबराची चादर. प्रत्येक बटणाखाली रबराची एक बारकी टोपी आणि टोपीच्या पोटाला काळी टिकली. बटण दाबलं की टोपी बसते, टिकली खालच्या पट्टीला टेकते आणि काम होतं. टिकली झिजली की माणूस नुसता जोर काढत बसतो आणि टीव्हीला शिव्या देतो.

आप्पांनी त्या दिवशी पिशवीतून काढला तो रिमोट मात्र मी पहिल्यांदाच बघत होते. काळा, मुठीत बसेल असा, वर एक कडं असलेला.

तवनाप्पा चौगुले त्यांचं नाव. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं कारकून होते. बायको गेली त्या वर्षापासून ते रोज अकरा वाजता दुकानात यायला लागले. पेपर आणायचे, काउंटरच्या बाहेरच्या स्टुलावर बसायचे, मोठ्यानं बातम्या वाचायचे आणि सव्वाबाराला उठून जायचे. मी आत सोल्डरिंग करत हो-नाही म्हणायची. लोकांनी सुरुवातीला काहीबाही बोलून बघितलं, मग लोकही कंटाळले.

मला मूलबाळ नाही. पहाटे जाप, मग बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेक, दुकान, दिवस मावळायच्या आत जेवण, संध्याकाळी सामायिक, म्हणजे घटकाभर ध्यान. माझा दिवस नेमांनी भरलेला असायचा. अकरा ते सव्वाबारा हा काही मी धरलेला नेम नव्हता.

तो रिमोट आप्पांच्या मुलीनं, सन्मतीनं, मेलबर्नहून पाठवला होता. त्याच्याबरोबर डोळ्यांवर बांधायचा एक डबा होता. डबा बांधला आणि दोन हातांत दोन रिमोट धरले की समोर एक अंगण दिसतं, असं आप्पांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. तिकडं त्यांची नात अन्वी तसाच डबा बांधून बसते, आणि दोघं त्या एकाच अंगणात उतरतात. रविवारी सकाळी नऊला. ती चेंडू टाकते, हे झेलतात. रिमोटच्या बाजूला मधल्या बोटाखाली एक बटण असतं. ते दाबलं की अंगणातल्या हाताची मूठ मिटते, सोडलं की उघडते. आठ वर्षांची पोर, तिला आजोबा एवढेच ठाऊक, डब्यातले.

आता तीन रविवार आप्पांच्या हातून चेंडू सुटत होता. अन्वी आधी हसली, मग रुसली, मग तिनं आईला सांगितलं. आणि सन्मती धास्तावली. कारण दीड वर्षापूर्वी आप्पांना हलका झटका येऊन गेला होता, तोही उजव्या अंगावर. तेव्हा ती येऊन महिनाभर राहिली होती. हात सुधारला तशी परत गेली, पण जाताना बजावून गेली होती की पुन्हा असं काही दिसलं तर घराला कुलूप लावायचं आणि पुण्याच्या वृद्धांच्या संस्थेत राहायचं.

"परवा रविवारी ती फोन लावून स्वतः बघणार हाय," आप्पा म्हणाले. "चेंडू धरला तर ठीक. न्हाई तर पुणं. नाव घालून ठेवलंय म्हणती. डॉक्टर हाय, नर्स हाय, लिफ्ट हाय. सगळं हाय. माझं काय हाय तिथं?"

मी रिमोटचे स्क्रू काढत होते. घड्याळजीच्या स्क्रू-ड्रायव्हरनंच निघतील इतके ते बारीक होते.

बाहेरून बटण झिजलं होतं खरं. चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालं होतं, कडेची खरबरीत नक्षी पार गेलेली. एवढी वर्षं मी झिजलेली बटणं बघितली आहेत. ज्याच्या घरात म्हातारं माणूस एकटं असतं, त्याच्या रिमोटाचं आवाज वाढवायचं बटण आधी जातं. हे बटण तसंच गेलेलं होतं, एकाच गोष्टीला लागून.

पण आत टिकली काळीभोर होती. पट्टी स्वच्छ. जोडणी झाली की वाजणाऱ्या मीटरच्या दोन तारा मी लावल्या आणि बटण दाबलं. मीटर वाजला. दाबून धरलं, तसा वाजत राहिला. दहादा दाबलं, दहादा वाजला.

मग तारा तशाच ठेवून उघडा रिमोट मी आप्पांच्या हातात दिला आणि खूण केली, दाबा.

त्यांनी दाबलं. खांदा पुढं आला, कोपर हललं, ओठ आवळले गेले. मीटर गप्प.

"बघा," आप्पा म्हणाले. "गेलंय की न्हाई?"

मी त्यांच्या बोटाकडं बघत होते. मधलं बोट बटणावर नुसतं टेकलेलं होतं, पाल भिंतीवर असते तसं. मी रिमोट परत घेतला आणि माझ्या बोटानं दाबला. मीटर वाजला. आप्पांना तो बारीक आवाज ऐकू येत नव्हता. कारखान्याच्या भोंग्यानं त्यांचे कान कधीच गेले होते. ते रस्त्याकडं बघत होते.

मग मला एकेक दिसायला लागलं. डाव्या बाहीचं बटण उघडं होतं, ते लावायला उजवा हात लागतो. पेपर डाव्या काखेत होता. गेले पंधरा-वीस दिवस ते पेपराची घडी न घालता तसाच स्टुलावर ठेवून जात होते, आणि ती घडी मी घालत होते. मला वाटलं होतं, वयानं माणूस आळशी होतो.

आप्पांनी रस्त्यावरची नजर काढली. "बटणच झिजलंय न्हवं, अक्का?"

आता ते हसत नव्हते.

आर्यिका माताजींपुढं, आमच्या जैन साध्वींपुढं, हात जोडून मी सव्विसाव्या वर्षी व्रतं घेतली. त्यातलं एक, खोटं बोलायचं नाही. दुकानातसुद्धा मी ते पाळलं. दुरुस्त होणार नसेल तर होणार नाही म्हणायची, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. त्या दिवशी मी खडू उचलला आणि लिहिलं, 'संध्याकाळी पाचला या. करून ठेवते.'

आप्पांनी वाचलं. मान हलवली. आणि जाताना डाव्या हाताच्या बाहीनं स्वतःच पाटी पुसून गेले.

ते गेल्यावर मी मीटर बंद केला. वाटलं, चिठ्ठी लिहावी, 'डॉक्टरांना हात दाखवा'. गल्लीतल्या कुणाच्याही हाती पाठवता आली असती. कागदही पुढं ओढला. मग उठले आणि यजमानांचा पत्र्याचा डबा काढला. जुन्या टेपची, रिमोटांची रबरं ते टाकत नसत. त्यातलं सगळ्यात मऊ रबर मी शोधलं, टोपी कापून काढली, ब्लेडनं तिच्या भिंतीला चार बाजूंनी चिरा दिल्या, म्हणजे ती दाबायला अंगात ताकद लागू नये. टिकलीवर चांदीच्या कागदाचा बारीक तुकडा चिकटवून ती उंच केली, म्हणजे अंतरही उरू नये. हात माझा चांगला आहे. यजमान म्हणायचे, तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त कसब आहे.

तपासायला बोट लावणार, तेवढ्यात वाटलं, माझं बोट काय, ते कशालाही दाबेल. गळ्यातली जपमाळ काढली आणि ती नुसती त्या बटणावर ठेवली. मीटर वाजला.

पाचला आप्पा आले. रिमोट हातात घेतला, बोट टेकवलं. मी मीटर त्यांच्या कानाजवळ धरला. ते ऐकत राहिले. मग बोट उचललं, परत टेकवलं, परत उचललं. लहान मुलानं सायकलची घंटी वाजवावी तसं.

"मी म्हणत न्हवतो?" आप्पा म्हणाले. "पोरीला वाटलं मी झिजलो."

रविवारी मी बस्तीतून थेट त्यांच्याकडं गेले. त्यांनीच या म्हणून सांगितलं होतं. काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत आप्पा डोळ्यांवर डबा बांधून उभे होते. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात सन्मती दिसत होती, लांब केस कापलेली, डोळ्यांखाली काळं आलेली. आप्पांनी हात पुढं केला, काही नसलेल्या हवेत काही धरलं आणि मागं घेऊन टाकलं. डब्यातून पोरीच्या किंचाळण्याचा बारीक आवाज आला. परत धरलं. परत टाकलं. पाचातले चार चेंडू त्यांनी झेलले. फोनवर सन्मती आधी हसत होती, मग पदर नव्हता म्हणून हातानंच डोळे पुसायला लागली.

मग तिनं मला पाहिलं.

"काकू, तुम्ही रोज बघता त्यांना. हात बरा आहे ना त्यांचा?"

त्या दिवशी मौन नव्हतं. पाटी दुकानात होती.

"रिमोट मी स्वतः उघडून नीट केलाय," मी म्हणाले. "आता काही अडचण नाही."

"तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते," ती म्हणाली. आणि पुण्याला फोन करून नाव काढायला सांगते, असं तिनं आप्पांना ओरडून सांगितलं. आप्पांनी डबा न काढताच मान डोलावली. ते अंगणात होते.

त्यानंतर सात महिने अकरा वाजत राहिले. सगळं पूर्वीसारखं चाललं होतं, म्हणजे तसं मी चालवत होते. पेपर आता मीच उलगडून समोर ठेवायची. चहा अर्धाच कप द्यायची, म्हणजे सांडू नये. एकदा आप्पांची चप्पल पायातून निघून रस्त्यावर राहिली आणि त्यांना कळलंच नाही. ती मी उचलून आणून त्यांच्या पायाशी ठेवली. डॉक्टरांकडं जाऊन या, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, दिवाळी होऊ दे. दुसऱ्यांदा म्हणाले, डॉक्टर काय करतोय, लेकीला फोन करतोय. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही.

मग एका मंगळवारी अकरा वाजले आणि आप्पा आले नाहीत. तो दिवस चतुर्दशीचा नव्हता, म्हणजे फोन करायला मला कसली आडकाठी नव्हती. केला. वाजून वाजून बंद झाला. बँकेत गेले असतील म्हटलं. स्टूल पुसून ठेवलं. साडेबाराला शेजारच्या शिंपीणबाईंना घेऊन गेले. मागचं दार उघडं होतं. आप्पा न्हाणीच्या उंबऱ्यावर पडलेले होते, पहाटेपासून. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडं बघत होते, पण ओळख देत नव्हते.

सांगलीच्या दवाखान्यात चार दिवस काढले त्यांनी. सन्मती तिसऱ्या दिवशी पोचली. डॉक्टर तिला म्हणाले की ही कमजोरी काही एका दिवसाची नव्हे, बरेच महिने चढत आली असणार; घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? ती म्हणाली, मी स्वतः बघत होते, चेंडू धरत होते ते. मी दाराशी उभी होते. मला ऐकू आलं.

चौथ्या दिवशी आप्पा गेले. त्यांचे दिवस झाल्यावर, परत जायच्या आदल्या दिवशी, ती दुकानात आली. त्या दिवशी चतुर्दशी होती. पुठ्ठा तिनं वाचला आणि बाहेरच्या स्टुलावर बसली. आप्पांसारखीच, एक पाय दांडीवर ठेवून. पिशवीतून तिनं दोन्ही रिमोट काढून काउंटरवर ठेवले. अन्वी आता तो डबा बांधत नाही, म्हणाली. आजोबा नसलेल्या अंगणात जायचं नाही म्हणते. तेव्हा हे इथंच कुठल्या शाळेला देऊन टाकावेत. चालतात का तेवढं तुम्ही बघून द्या.

बोलता बोलता दोन्ही हातांत तिनं ते उचलले होते. सवयीनं तिची बोटं त्या बाजूच्या बटणांवर गेली. डावं दाबलं. मग उजवं. तिचं बोलणं थांबलं. डावं परत दाबलं, नीट जोर देऊन. उजव्यावर बोट नुसतं टेकवलं, आणि ते बसलं. उचललं. परत टेकवलं.

"काकू," ती म्हणाली, "हे असं कधीपासून आहे?"

पाटी आमच्या मध्ये होती, कोरी. मी खडू उचलला. 'झिजलं होतं' असं लिहिता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. बाहेरून झिजलेलंच होतं ते.

मी खडू खाली ठेवला.

"त्या बटणात काही दोष नव्हता," मी म्हणाले. पहाटेपासून न बोललेला घसा, आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "आप्पांचं बोट चालत नव्हतं. मला त्याच दिवशी कळलं. मी बटण हलकं करून दिलं."

तिनं रिमोट खाली ठेवले नाहीत. आवाज चढवला नाही.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "त्या रविवारी. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"त्यांनी सांगितलं होतं का, असं करून द्या म्हणून?"

आता हो म्हटलं असतं तर आप्पा येऊन मला खोटं पाडणार नव्हते. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. सव्वाअकरा झाले होते.

"नाही. त्यांना वाटत होतं बटणच गेलंय," मी म्हणाले. "पुण्याला गेले असते, तर अकरा वाजता इथं कोण आलं असतं?"

हे मी त्या क्षणापर्यंत मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

मला वाटलं, आता सन्मती बोलेल, हात उगारेल, रडेल. तिनं डावा रिमोट पिशवीत टाकला. उजवा माझ्यापुढं काउंटरवर ठेवला, अगदी हळू, आवाज न होऊ देता. उठली, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत मागं न बघता चालत गेली.

पुढच्या आठवड्यात माताजींचा पायी विहार आमच्या गावावरून होता. मौन मोडलं म्हणून मी प्रायश्चित्त मागितलं. त्यांनी तीन उपवास आणि जाप दिला. मी तो पुरा केला. दुसऱ्या गोष्टीचं प्रायश्चित्त मी मागितलं नाही. त्या देतील आणि ते फिटेल, याची भीती वाटली.

चतुर्दशीचा उपवास अजून करते. मौन सोडलं. पुठ्ठा काढून टाकला, तेव्हा चार बायका विचारायला आल्या, इतक्या वर्षांचा नेम का मोडलात म्हणून. वय झालं, म्हटलं. क्षमावणीला सगळ्यांना क्षमा मागतो, तशी दर वर्षी मेलबर्नलाही चार ओळी पाठवते. त्यात बटणाचं लिहिते, अकरा वाजल्याचं लिहिते. पाच वर्षं झाली, उत्तर नाही.

उजवा रिमोट कपाटात आहे. त्यातली मी कापलेली टोपी काढून जुनी परत बसवायला अर्धा तास लागणार नाही. तसं केलेलं नाही. दुकान झाडताना कधीतरी तो हातात घेते. बोट टेकायच्या आतच ते बटण बसतं.

स्टूल तेवढं मी आत घेतलंय. लोक येतात, रिमोट पुढं ठेवतात, आणि काय बिघडलंय ते उभ्या उभ्या सांगून जातात.